वाढत्या अंगाची स्कूटर

९ मे

दादाला नमस्कार. माईला आणि बारक्याला आशीर्वाद.

दादा, माई, बारक्या, आपण चौघं एका शिंप्याची मुलं, आणि आपल्यापैकी एकालाही लहानपणी आपल्या मापाचा कपडा मिळाला नाही. सगळ्या गल्लीची मापं अण्णांना तोंडपाठ होती. एखाद्या गिऱ्हाइकाचा खांदा बोटभर उतरता असला तर अण्णा तो कोटात असा लपवायचे की त्याच्या बायकोलाही विसर पडावा. आणि घरच्या पोरांना काय? वाढत्या अंगाचं. दादाची चड्डी गुडघ्याखाली लोंबायची. माझ्या झग्यात मी आणि माई दोघी मावायचो. बारक्या, तुझ्या शाळेच्या फोटोत तर तुला हातच नाहीत, नुसत्या बाह्या आहेत. शिवणीत एवढी माया सोडलेली असायची की उसवून आणखी एक पोर झाकता आलं असतं. अंग वाढून कपडा बसायला लागेपर्यंत तो विरलेला असायचा, म्हणजे तो कधी बसलाच नाही. ही तक्रार आपण एकमेकांपाशी किती वेळा केली आहे ते आठवा आणि मग पुढचं वाचा.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण मी दोन वाक्यं नीट जुळवली की माई गॅस बंद करायला जाते, दादाची रेंज जाते, आणि बारक्याच्या दुकानात मशिनं घरघरत असतात. पत्राला मध्येच "बरं, ठेवते" म्हणता येत नाही.

आधी खुशाली. माझा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. न्हाणीघरातला नळ अजून गळतोय. दादा, तो तुझीच वाट बघतोय, तोवर बादली लावली आहे. संघटनेच्या कचेरीत नवी सेक्रेटरी आली आहे, ती सभेत माझं भाषण आवरायला घंटी वाजवते. मी ऐकत नाही, पण घंटीचा आवाज चांगला आहे. बारक्याची भिंगरी सुट्टीला माझ्याकडे आल्यापासून घरात जाग आहे. नीट खाते, सकाळी उठवावी लागत नाही, आणि माझी सगळी पुस्तकं तिने उंचीप्रमाणे लावून ठेवली आहेत, त्यामुळे आता मला एकही सापडत नाही.

आता स्कूटर. तिच्या चौदाव्या वाढदिवसाला आपण चौघांनी मिळून घेतलेली. वर्गणी चौघांची, निवड दादाची आणि बारक्याची. ती घेऊन भिंगरी जिना उतरत होती तेव्हा शेजारच्या आजोबांनी विचारलं, यात पेट्रोल कुठून भरतात. मी सांगितलं, ही पायाने ढकलायची, उभ्याने चालवायची आणि हिच्यावर कसरती करायच्या. हिला सीट नाही, हिची घडी होत नाही, हिला हॉर्न नाही. ते म्हणाले, "मग आहे काय?" प्रश्न बरोबर होता. एक हँडल, पायाखाली एक फळी, दोन चाकं. एवढंच असतं. म्हणून तर तेवढं तरी चालवणारीच्या अंगाचं असावं लागतं. गादी जास्त मऊ लागली तर माणूस कूस बदलतो. इथे हवेत कूस बदलायला जागा नसते.

तयार मिळणाऱ्या स्कूटरींतली सगळ्यात मोठी आणि दणकट तुम्ही निवडलीत. बारक्या मला फोनवर म्हणाला होता, "आक्का, दोन वर्षांनी पुन्हा घ्यायला नको. वाढत्या अंगाची घेतली आहे." मी ठीक आहे म्हणाले, कारण मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता कळतं. बघून कळलं.

माझ्या घरामागे पोहण्याचा तलाव होता. त्याचं पाणी तोडल्यापासून तो कोरडा पडला होता. आता त्याच्या तळाशी सिमेंटचे चढ-उतार बांधून दिले आहेत आणि सगळ्या वस्तीची पोरं तिथे चाकांवर असतात. काठावर पूर्वी पोहणाऱ्यांचे कपडे ठेवायचे बाक होते, ते तसेच आहेत. त्यातल्या एकावर मी वर्तमानपत्र घेऊन बसते. भिंगरी खाली असते. तिला एकच कसरत साधायची आहे. चढावरून उडी घ्यायची, हवेत असताना पायाखालची फळी हँडलच्या दांड्याभोवती पूर्ण एक फेरा फिरवायची, आणि ती फिरून आली की तिच्यावर उतरायचं. नाव तिचं भिंगरी, पण भिंगरीसारखी फिरायची ती फळी काही फिरेना.

का फिरेना? हँडल तिच्या छातीपर्यंत येतं. उडी घेताना हँडल वर ओढावं लागतं, आणि जिचे हात आधीच छातीपर्यंत वर आहेत ती आणखी कुठे ओढणार? फळी लांब आहे, तिचा फेरा मोठा, तो पुरा व्हायच्या आत पोर खाली येते आणि फळी नडगीवर बसते. वजन एवढं की घरी आणताना मध्ये एकदा खाली ठेवावी लागते. पहिल्या आठवड्यात नडग्या निळ्या झाल्या. दुसऱ्या आठवड्यात हँडल हनुवटीवर आदळलं.

फोनवर मी "खरचटलंय" म्हणाले ते खोटं होतं. टाके पडले. डॉक्टरीणबाईंचा हात सफाईचा आहे. बारक्या, बारीक आणि एकसारखे घातले आहेत, तुला आवडतील. घाबरू नका, पोर हसतेय, बोलतेय, फक्त तोंड मोठं उघडून जांभई देता येत नाही म्हणून तक्रार करते. पण टाके घालून घरी येताना ती जे म्हणाली ते मला लागलं. म्हणाली, "आत्या, मला येणारच नाही गं. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

दोन दिवस ती तळात उतरली नाही, माझ्या शेजारी बाकावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी तिथली एक तिसरीतली मुलगी आली. दातांना तार आहे, म्हणून सगळे तिला तारवाली म्हणतात. फार अधिकाराने बोलते. तिने भिंगरीची स्कूटर उचलून बघितली, खाली ठेवली आणि म्हणाली, "ही तुझ्या बाबांची आहे का?" मग स्वतःची पुढे केली. "पाच मिनिटं घे. पडलीस तर आधी माझी स्कूटर वाचव."

तारवालीची स्कूटर भिंगरीच्या कमरेपर्यंत येते. भिंगरी दोनदा नुसती खाली जाऊन वर आली. तिसऱ्यांदा तिने उडी घेतली, पाय झटकला, फळी दांड्याभोवती फिरून आली आणि ती तिच्यावर उभी राहिली. बाकावरचं वर्तमानपत्र माझ्या हातातून कधी पडलं मला कळलं नाही. तारवाली म्हणाली, "बघ, तुला येतंय की. तुझ्या गाडीला येत नाहीये." आणि स्कूटर परत मागून घेतली, कारण पाच मिनिटं झाली होती.

तेव्हा भावंडांनो, माझं म्हणणं सरळ आहे. ज्या मुलीला कसरत येते तिला आपण चौघांनी मिळून सांगितलं की तुझ्यातच कमी आहे. शब्दाने नाही, वस्तूने सांगितलं.

मी जमेल तेवढं वाचलं, तळातल्या मोठ्या मुलामुलींना विचारलं. हँडल उभं राहिल्यावर कमरेच्या आसपास यावं. त्याची रुंदी खांद्यांएवढी असावी. फळीवर दोन पाय मागेपुढे नीट मावावेत, त्याहून लांब नको. पायऱ्यांवरून, कठड्यांवरून उड्या मारणाऱ्यांना जड आणि रुंद लागते, उतारांवर खेळणाऱ्यांना हलकी. तुम्ही घेतलीत ती कठड्यांवर उड्या मारणाऱ्या धिप्पाड माणसाची आहे. दादा, तू म्हणशील, आण इकडे, दांडा कापून देतो. नळाच्या पेटीत करवत आहे हे आम्हाला ठाऊक आहे. दांडा कापता येतो, खरंच कापतात, मी विचारलं. पण फळी कापून देशील? वजन कापून देशील? अण्णांचा कोट आखूड करून तुला घातला होता तेव्हा खिसे गुडघ्यापाशी आले होते, ते विसरलास?

म्हणून ही दुकानात द्यायची आणि तिच्या मापाची घ्यायची. तिथे बदलून देतात, मी विचारून ठेवलं आहे, वरचं काय ते मी बघेन. वस्तू चौघांची आहे म्हणून तिघांचा होकार पाहिजे.

वाढीबद्दल इथे काही लिहीत नाही. तो विषय आपण मागे जसा ठरवला तसाच असू दे.

उलट टपाली कळवा. माई, तू पानभर लिहू नकोस, होकार एका शब्दातही देता येतो.

तुमची,
आक्का


१९ मे

बारक्या, आशीर्वाद. भिंगरीच्या आईला सांग, टाके काढले, व्रण दिसणार नाही म्हणतात.

हे पत्र दुकानात मोठ्याने वाचू नकोस. मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलापाशी जा, दार ओढून घे आणि एकटा वाच. मी आयुष्यभर फाटकांसमोर आणि चौकांत उभी राहून बोलले. लोकांना वाटतं मला सगळं सगळ्यांसमोरच बोलता येतं. हे मला दादा आणि माईसमोर बोलता येणार नाही.

तिघांची उत्तरं आली. दादा म्हणतो बदल, पण जुन्या स्कूटरची चाकं निघाली तर त्याला ठेव, हातगाडीला बसवतो. स्कूटर चाकांसकट परत द्यायची आहे हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. माईने होकार दिला आणि वर स्वतःच्या झग्यांवर दोन पानं लिहिली. तुझ्या चार ओळी आल्या. "बदलू नकोस. सध्या माळ्यावर ठेव. टाके पडलेत तर या वर्षी खेळ पुरे. ती वाढली की चालवेल."

ती वाढली की.

बारक्या, आता मला ते लिहावंच लागणार, जे मी मागच्या पत्रात एका ओळीत उडी मारून ओलांडलं. दीड वर्षापूर्वी तू आणि तिची आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलात. हाताचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाडांची टोकं मिटली आहेत, उंची आता वाढणार नाही. आजार काही नाही, मुलगी धडधाकट आहे, एवढीच राहील. त्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी ठरवलं की तिला हे सांगायचं नाही. लहान आहे, मनाला लावून घेईल. ठरवणाऱ्यांत मीही होते. मी जगभरच्या लोकांना सांगत फिरले की माणसाबद्दलचा निर्णय त्या माणसाला बाहेर बसवून घेऊ नये. घरातल्या एका मुलीला आपण शेजारच्या खोलीत बसवून निर्णय घेतला, आणि मला त्यात काही खटकलं नाही.

तुझं उत्तर यायच्या आधीच मी तिला घेऊन दुकानात गेले होते. घ्यायला नव्हे, बघायला. माझा स्वभाव तुला माहीत आहे, होकार येईपर्यंत मला दम निघत नाही.

दुकानवाली जाडजूड, बोलकी, डोक्यावर गॉगल चढवलेला. तिने भिंगरीकडे एक नजर टाकली आणि आम्हाला सरळ लहान मुलांच्या मांडणीपाशी नेलं. मुठींना झिरमिळ्या, फळीवर हसणारं मांजर. भिंगरीच्या गालाला हात लावून विचारलं, "बाळ कितवीत आहे?" भिंगरी म्हणाली, "नववीत." बाईने हात मागे घेतला. मांजराची स्कूटर भिंगरीने उचलली, गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली सोडली आणि कान देऊन ऐकलं. म्हणाली, "खुळखुळतेय. दुसऱ्या उडीला हँडल हातात येईल." तेव्हा बाईने गॉगल डोक्यावरून काढून खिशात ठेवला आणि तिच्याशी नीट बोलायला लागली. कुठे खेळतेस, उतारांवर की कठड्यांवर? उजवा पाय पुढे की डावा? फिरवतेस की नुसत्या उड्या? माझ्याकडे कोणी बघेना. दोघींचं चांगलं चाललं होतं.

अडचण खरी होती, तीही सांगते. तिच्या मापाच्या तयार स्कूटरी लहान पोरांसाठी केलेल्या असतात, हलक्या हाताने. आणि दणकट असतात त्या तिच्या मापाच्या नसतात. ती चौदा वर्षांची आहे, पाय लोखंडाचे आहेत, आदळते जोरात. बाई मागे जाऊन एकेक आणत राहिली. एकीचं हँडल बरोबर पण फळी अरुंद, बूट बाहेर येत होते. एकीची फळी छान पण हँडल खांद्यांहून फार रुंद. शेवटी एक आली. आखूड, पण सांधे जाड, चाकांचा गाभा धातूचा. रंग मात्र रस्ता खणणाऱ्यांच्या जाकिटासारखा जर्द केशरी. भिंगरीला काळी हवी होती. बाई म्हणाली, "काळी नाहीये. पण पडलीस तर सापडशील तरी." भिंगरी हसली, हनुवटी धरून.

आणि मग बाईने, तिच्या मते माझ्या भल्यासाठी, मला बाजूला घेतलं. फार बाजूला नाही, दोन पावलं. म्हणाली, "ताई, घ्यायचीच तर एक नंबर वरची घ्या. या वयात पोरं एका उन्हाळ्यात ताडमाड होतात. मग आईबाप येऊन मलाच शिव्या घालतात."

तिने माझ्याकडे बघितलं. मी हेल्मेटच्या मांडणीकडे वळले. एक हेल्मेट उलटं टांगलं होतं, ते सुलटं केलं.

भिंगरी म्हणाली, "मी नाही वाढणार. माझी उंची एवढीच आहे. मला आज बसेल अशी द्या."

चपलेचा नंबर सांगावा तसं म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही. दुकानवालीला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती म्हणाली, "मग सोपं झालं. परत बदलायची भानगड नाही," आणि खिशातून टेप काढून तिच्याकडे वळली.

भिंगरी मागे सरकली. "तुम्ही नको. माझे बाबा शिंपी आहेत. ते मोजतील."

बाईने माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि केशरी स्कूटरला चिठ्ठी बांधून ती काउंटरमागे ठेवली.

परत येताना आम्ही तलावाच्या काठावर बसलो. तळात कोणी नव्हतं. मी विचारलं, तुला कोणी सांगितलं. मला वाटलं होतं डॉक्टरांनी, किंवा तिच्या आईला राहवलं नसेल. ती म्हणाली, कोणीच नाही. मग तिने मला सांगितलं, आणि ते मी तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते भाषण होईल.

"दर वाढदिवसाला दुकान उघडायच्या आधी बाबा मला कापायच्या टेबलापाशी उभी करायचे आणि मापं घ्यायचे. मोठ्याने सांगायचे, गिऱ्हाइकाची सांगतात तशी. हाताचा फोटो काढून आलो, त्यानंतरच्या वाढदिवसाला मी जाऊन उभी राहिले. बाबा म्हणाले, टेप सापडत नाहीये. आत्या, टेप त्यांच्या गळ्यात होती."

बारक्या, मी हे वाक्य तुला टोचायला लिहिलेलं नाही. मला कळतंय तुझ्या हातांचं काय झालं असेल. जो आकडा पुन्हा तोच येणार, तो कोणत्या तोंडाने मोठ्याने सांगायचा. मी तुझ्या जागी असते तर मलाही टेप सापडली नसती. पण तू ज्या दिवशी मोजणं थांबवलंस, त्या दिवशी तिला सगळं कळलं. आपण जे लपवलं ते फक्त आपल्यापासून लपलं आहे.

आणखी एक गोष्ट, तिच्या आईला सांगू नकोस. गणवेश तू अंदाजाने शिवतोस, चार बोटं जास्त ठेवून. ती काय करते माहीत आहे? शाळेत पोचल्यावर बाह्या आणि खालची दुमड आत घेऊन स्टेपलरने टाचून घेते. संध्याकाळी घरी यायच्या आधी पिना काढून टाकते. तुला दिसू नये म्हणून. मी विचारलं, बाबांना सांगितलं का नाहीस, शिंप्याची पोर तू. म्हणाली, "ते एवढ्या आशेने जास्त ठेवतात. मी लहान करून मागितलं तर त्यांना वाईट वाटेल."

म्हणजे बघ काय झालं आहे. आपण पाच मोठी माणसं तिला जपतो आहोत असं धरून चाललोय, आणि जपण्याचं काम एकटी ती करतेय. पिना काढून, दुखऱ्या नडग्यांवर मोजे ओढून, आपली भेट हसून घेऊन. आणि हे सगळं ज्या दिवसासाठी, तो दिवस येणार नाही. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. माळ्यावर ठेवलेली स्कूटर तिला रोज काय सांगेल? तू अजून पुरी झाली नाहीस, पुरी झालीस की बोलव, असं. चौदा वर्षांची मुलगी आहे, बारक्या, पुरी आहे. मी तिला त्या तारवालीच्या स्कूटरवरून हवेत बघितलं आहे. कुठेही काहीही कमी नव्हतं. तू बघितलं असतंस तर तूच फळीवर थाप मारून म्हणाला असतास, बरोबर बसलंय.

अण्णा आपल्याला वाढत्या अंगाचं शिवायचे, कारण आपण वाढत होतो आणि कापड महाग होतं. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. तुझा हिशेब कापडाचा नाही. तुझ्याकडे कापड भरपूर आहे.

तू मला रागाने विचारशील, तिने विश्वासाने सांगितलेलं तू मला का कळवतेस. मीही तिला विचारलं होतं. काठावर बसून विचारलं, हे बाबांना सांगू का. ती पाय हलवत म्हणाली, "मी सांगायला गेले तर ते ऐकायच्या आधीच रडतील आणि मग मलाच त्यांना समजवावं लागेल. तुला भाषणं येतात. तू सांग." आतापर्यंत मी ज्यांच्या ज्यांच्या वतीने बोलले, त्यांच्यापैकी कोणीही मला इतक्या कमी शब्दांत नेमलं नव्हतं.

म्हणून बोलले. ती आता शेजारच्या खोलीत पुस्तकं परत विषयाप्रमाणे लावतेय. मी काय लिहितेय ते तिला माहीत आहे, पण वाचायला मागितलेलं नाही.

येत्या रविवारी तू तिला न्यायला येणार आहेस. समजावणीची वाक्यं जुळवत बसू नकोस, तुला ती जमत नाहीत आणि तिला ती नको आहेत. डॉक्टरांचा विषय काढू नकोस, ती काढेल तेव्हा काढेल. केशरी स्कूटर काउंटरमागे आहे, दुकान रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं. तिथे एकच गोष्ट कर. गळ्यातली टेप काढ, तिला बूट घालून सरळ उभी कर, जमिनीपासून कमरेपर्यंत मोज, आणि जो येईल तो आकडा तिच्या डोळ्यांकडे बघून मोठ्याने सांग.

आधी तिची आत्या, मग तुझी,
आक्का